विमानाच्या नाकातलं फोर्ड इंजिन

मॉडेल ए फोर्डच्या इंजिनाला ऑइल प्रेशरचा गेज नसतो, कारण दाखवायला प्रेशरच नसतं. छोटा गिअर पंप पॅनमधलं ऑइल उचलून वाल्व चेंबरमध्ये टाकतो, तिथून ते आपल्या वजनाने नळ्यांतून तीन मेन बेअरिंगांवर उतरतं. पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, याच बेअरिंगांत फिरतो. उरलेलं बाहेरच्या पाइपातून खाली येतं आणि ट्रेमधल्या पन्हळींत साठतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला लहानशी पळी असते. ती दर फेऱ्याला पन्हळीत बुडते आणि आपल्या बेअरिंगपुरतं ऑइल उचलते. झालं, एवढंच वंगण. १९२७ च्या अखेरीस बाजारात आलेल्या मोटारीला ते पुरून उरलं. आमचं इंजिन मात्र विमानात आहे.

विमान पीटनपोल एअर कँपर. माझ्या मित्राने ते ज्यांनी बांधलं त्यांच्याकडूनच विकत घेतलं. मूळ रचना बर्नार्ड पीटनपोलची. तो अमेरिकेत मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातला, स्वतःच शिकलेला मेकॅनिक. विमानाची इंजिनं सामान्य माणसाला परवडत नाहीत, मग रस्त्यावर लाखोंनी धावणारं इंजिनच का लावू नये, असा त्याचा सरळ हिशेब होता. १९२९ मध्ये त्याने मॉडेल ए चं इंजिन लावून विमान उडवलं, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे नकाशे छापून आल्यावर लोक ते घरोघर बांधायला लागले. स्प्रूसचं लाकूड, प्लायवूड, वर कापड, डोक्यावर एकच पंख आणि दोन उघडी कॉकपिट. रेडिएटर इंजिनाच्या मागे, वरच्या बाजूला, अगदी डोळ्यांसमोर उभा. समोरचं दिसतं ते त्याच्या कडेने. हे गैरसोयीचं आहे, पण पाणी उकळायला लागलं की सगळ्यात आधी कळतं, हा त्याचा फायदा.

आमच्या इंजिनात ठोका यायला लागला होता. पूर्ण थ्रॉटलवर काही नाही, थ्रॉटल जरा मागे घेतला की आतून बोथट आवाज. एकेका प्लगची वायर उतरवून बघितलं. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका जवळजवळ बंद झाला, म्हणजे त्या रॉडवरचा भार गेला की बेअरिंग गप्प. ऑइल काढलं तर तळाशी बारीक राखाडी चमक होती. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. लोखंड नाही, बॅबिट, म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू.

“काँटिनेंटल ए-६५ मिळतंय एक, खास विमानाचं इंजिन,” मित्र म्हणाला. “बसवायचं का? ही कटकटच मिटेल.”

“मिटेल. मग पीटनपोल का घेतलंस?”

तो हसला. पुढच्याच शनिवारी आम्ही इंजिन उतरवलं.

मुळात हे इंजिन विमानाला चालतं कसं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं काम त्यावरच ठरतं. चार सिलिंडर, बोअर ३ ७/८ इंच, स्ट्रोक ४ १/४ इंच, एकूण सुमारे ३.३ लिटर. एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद फक्त ४० हॉर्सपॉवर, तीही २२०० आरपीएमला. कॉम्प्रेशन रेशो ४.२२. आजच्या कुठल्याही मोटारीपुढे हे आकडे केविलवाणे वाटतील. पण प्रोपेलरला हॉर्सपॉवरपेक्षा कमी वेगावरचा जोर हवा असतो. आमचा लाकडी प्रोपेलर ७६ इंची आहे. १६५० आरपीएमला त्याची टोकं सेकंदाला साधारण १६७ मीटर वेगाने फिरतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या निम्म्याने. तोच प्रोपेलर ४००० वर फिरवला तर टोकं आवाजाच्या पुढे जातील आणि सगळी ताकद नुसत्या गोंगाटात जाईल. म्हणून वेगवान इंजिनाला मध्ये गिअरबॉक्स किंवा बेल्ट लावावा लागतो. फोर्डला काही लागत नाही. लांब स्ट्रोकचं, संथ, जड इंजिन आणि थेट क्रँकवर बोल्ट केलेला प्रोपेलर. मोडण्यासारखी गोष्टच एक कमी.

दुसरी बाजू अशी की मोटारीत या इंजिनाला विश्रांती असायची. चढ आला की जोर, सपाटीवर आराम, उतारावर तर सुट्टीच. विमानात उड्डाणापासून उंची गाठेपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडा आणि नंतरही तास-दीड तास तो फारसा मागे येत नाही. पिस्टन, रिंगा, वाल्व हे सगळं त्यात टिकतं. खरी परीक्षा बेअरिंगांची.

पीटनपोलच्या मांडणीत इंजिन मोटारीच्या उलट बसतं. फ्लायव्हीलचं टोक पुढे येतं आणि फ्लायव्हीलच्या जागी प्रोपेलरचा हब. त्यामुळे फोर्डने ज्याला मागचं मेन बेअरिंग म्हटलं ते आमचं पुढचं. क्रँकची पुढे-मागे सरक याच बेअरिंगच्या दोन बाजूंवर अडते. मोटारीत क्लच दाबला की क्रँक टायमिंग गिअरकडे ढकलला जायचा आणि बेअरिंगची फ्लायव्हीलकडची बाजू झिजायची. विमानात प्रोपेलर क्रँकला नेमका उलट ओढतो. म्हणजे मोटारीत जवळपास आराम केलेली आतली बाजू इथे सगळी ओढ सहन करते, आणि तीही क्लचसारखी क्षणभर नाही, हवेत असेपर्यंत सतत. आमचं बेअरिंग उघडल्यावर हे डोळ्यांनी दिसलं. बाहेरची बाजू गुळगुळीत, करडी, जवळजवळ नवी. आतल्या बाजूला मात्र ऑइलच्या खाचेची कड झिजून पुसट झाली होती, आणि एका जागी नखाएवढा टवका उडालेला.

तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगमध्ये भेगांचं जाळं होतं. दोन तुकडे तर कॅप उघडताच हातात आले.

क्रँक आधी तपासायला दिला. तो गेला असता तर बाकी खर्चाला अर्थच नव्हता. मॉडेल ए चा क्रँक बारीक आहे: मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) १ ५/८ इंच, रॉडचे १ १/२ इंच, आणि काउंटरवेट नाहीत. मोटारीत तो मुख्यतः पिळला जायचा. विमानात नाक वर-खाली किंवा डावी-उजवीकडे वळलं की फिरणारा प्रोपेलर आडवा जोर देतो आणि क्रँक पुढच्या बेअरिंगापाशी वाकू बघतो. भेग पडली तर बहुधा जर्नल जिथे वेबला, म्हणजे दोन जर्नल जोडणाऱ्या आडव्या भागाला, मिळतो त्या गोलाईत पडते. म्हणून क्रँकमध्ये चुंबकत्व भरून त्यावर चमकणारी लोखंडी पूड मिसळलेलं द्रव ओततात आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघतात. भेग असेल तर पूड तिथे गोळा होऊन हिरवट रेघ उमटते. आमच्या क्रँकवर एक रेघ दिसली तेव्हा मित्राचा चेहरा पडला. पण ती गोलाईत नव्हती, वेबवर होती, आणि पुसल्यावर गेली. ओरखड्यात अडकलेली पूड. ग्राइंडिंगला देताना मी कागदावर एकच गोष्ट ठळक लिहून दिली: गोलाई मूळचीच ठेवा, कोपरा धारदार करू नका. जर्नलचं माप दहा थाऊंनी कमी झालं तरी चालेल (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पण कोपरा काटकोनी झाला की भेगेला आमंत्रणच.

ब्लॉकची पाण्याच्या दाबाखाली चाचणी केली. या फ्लॅटहेड, म्हणजे वाल्व सिलिंडरच्या शेजारीच असलेल्या, ब्लॉकांमध्ये वाल्व सीट आणि सिलिंडर यांच्या मधल्या पट्टीत हटकून भेग असते. आमच्यात नव्हती. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घेतले आणि एक्झॉस्ट वाल्वला कडक सीट बसवल्या. मूळ फोर्डचे टॅपेट, म्हणजे कॅमवरून वाल्व उचलणारे दांडे, ॲडजस्ट होत नाहीत, वाल्वचं टोक घासून क्लिअरन्स ठेवायची. घासताना जास्त गेलं की वाल्व कचऱ्यात. आम्ही ॲडजस्ट होणारे टॅपेट घेतले. जुनेपणाचा अभिमान ठीक आहे, पण तो टॅपेटपर्यंत नेण्यात काही अर्थ नाही. कॅमशाफ्टचा मूळचा फायबरचा गिअरही बदलला. मोटारीत तो शांत चालतो म्हणून बरा, पण त्याचे दात गेले तर कॅमही थांबतो आणि कॅमवर चालणारा ऑइल पंपही.

आता बॅबिट. मॉडेल ए मध्ये आजच्यासारखी दुकानातून आणून टाकायची बेअरिंग नसतात. बेअरिंग ब्लॉकमध्येच ओततात. बॅबिट, म्हणजे आपल्या वर्कशॉपमधलं व्हाइट मेटल, आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पेटंट घेतलेली कल्पना: बहुतांश कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. हल्ली या इंजिनाला तशी तयार, शेलची बेअरिंग बसवून मिळतात आणि आम्हाला तसा सल्लाही मिळाला. मी नको म्हटलं. शेलला दाबाने सतत ऑइल लागतं, इथे ते नाही. शिवाय या इंजिनाला ऑइल फिल्टरही नाही. धातूचा कण आला तर मऊ बॅबिट तो पोटात घेतं आणि जर्नल वाचतो. आणि बॅबिट मरताना ओरडतं. तिसऱ्या रॉडने आम्हाला ठोका ऐकवला, मग मेला. हवेत असताना तेवढी सूचना मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

बॅबिट ओतणारे आता फार उरलेले नाहीत. जे मिळाले ते सत्तरी ओलांडलेले, कानाला मशीन लावणारे, कमी बोलणारे. “बघायला आलात तर उभे राहा, मदतीला आलात तर त्या कोपऱ्यात बसा,” हे त्यांचं पहिलं वाक्य.

आधी जुनं बॅबिट टॉर्चने वितळवून काढलं. ब्लॉकच्या अर्धगोल सॅडलमध्ये लहान भोकं दिसली. ओतीव लोखंडाला कथील नीट धरत नाही, म्हणून नवं बॅबिट त्या भोकांत उतरून आपल्याआप अडकतं. रॉड आणि कॅप पोलादी, त्यांना आधी फ्लक्स लावून कथिलाचा हात दिला. रॉड काढताना म्हातारेबुवा ते टॉर्चच्या उजेडात फिरवून बघत. कथील जिथे पाण्यासारखं पसरलेलं नसेल तिथे पुन्हा. एक रॉड त्यांनी दोनदा परत केला. मला तो आधीच्यासारखाच दिसत होता.

मग ब्लॉक उलटा करून मेन बेअरिंगांच्या रेषेत एक पोलादी मँड्रेल, म्हणजे साच्याचा दांडा, बसवला, जर्नलपेक्षा थोडा बारीक. त्यावर ॲसिटिलीनच्या ज्योतीची काजळी धरली, म्हणजे बॅबिट त्याला चिकटत नाही. फटी पुटीने बंद केल्या. ब्लॉक टॉर्चने तापवायला लागले ते बराच वेळ, सगळीकडून, न घाई करता. थंड लोखंडावर गरम बॅबिट पडलं की कडेला लगेच गोठतं आणि आत पोकळी राहते. भट्टीत भांड्यातलं बॅबिट चंदेरी झालं होतं. तापमानाचा गेज शेजारी होता, तरी त्यांनी पाइनची काडी बुडवली. काडी करपून तपकिरी झाली, पेटली नाही. “ठीक,” ते म्हणाले. काडी पेटली तर जास्त तापलंय, रंग बदलला नाही तर अजून कमी.

ओतणं मात्र काही सेकंदांत संपलं. एका हातात पळा, एकच धार, मध्ये खंड नाही. धार तुटली की तिथे सांधा राहतो आणि तोच पुढे उखडतो. प्रत्येक बेअरिंगसाठी वेगळा पळा भरून तयार होता. तिसरं ओतून झाल्यावर त्यांनी कानाचं मशीन काढून खिशात टाकलं आणि खुर्चीत बसले. थंड झाल्यावर गोल डोक्याच्या हातोडीने ठोकठोक सुरू झाली. बॅबिट गोठताना आकसतं, म्हणून ते ठोकून सॅडलमध्ये पुन्हा घट्ट बसवायचं. हातोडीचा आवाज बदलतो. आधी पोकळ, मग भरीव. पुढच्या बेअरिंगच्या आतल्या बाजूवर, जिथे आमची सगळी ओढ येणार, तिथे ते सगळ्यात जास्त वेळ होते. मी विचारलं नव्हतं. इंजिन विमानाचं आहे एवढंच मी फोनवर सांगितलं होतं.

लाइन बोअरिंग झाल्यावर तिन्ही बेअरिंग एका रेषेत आली. क्रँक बसवताना कॅपखाली पितळी शिम, म्हणजे फट जुळवायच्या पट्ट्या. पातळ पत्र्याच्या थरांचे शिम एकेक सोलून काढता येतात. फट मोजायला प्लॅस्टिगेजचा मऊ धागा जर्नलवर ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, उघडायची, चपटा झालेला धागा पट्टीशी लावून रुंदी वाचायची. आम्ही दीड थाऊवर थांबलो. क्रँकची पुढे-मागे सरक पाच थाऊ. सगळं आवळल्यावर क्रँक एका हाताने फिरायला हवा, पण सोडल्यावर स्वतःहून फिरत राहायला नको. हे मापाने नाही, हाताने कळतं. मित्राने क्रँक इतक्या वेळा फिरवला की शेवटी मी त्याला रॉड आणि पिस्टन वजन करायला बसवलं. सगळे एका वजनाचे करताना जड रॉडच्या टोकाचं थोडं लोखंड घासायचं. कंटाळवाणं काम, पण उडणाऱ्याला बरं.

एक बदल मात्र मूळ रचनेत केला. विमान चढताना नाक वर असतं, म्हणजे वाल्व चेंबरमधलं ऑइल मागे, टायमिंगच्या टोकाकडे जातं. सगळ्यात जास्त भार असलेलं पुढचं बेअरिंग नेमकं चढताना तहानलेलं राहतं. पंपाच्या बाजूने एक नळी काढून थेट पुढच्या बेअरिंगला दिली. इंजिनाबाहेर एक साधी नळी, दोन जोड, मध्ये कंपनासाठी वळसा. दिसायला फारशी सुंदर नाही.

नटांचं थोडं सांगतो. रॉड आणि मेनचे नट कॅसल नट आहेत, वर खाचा असलेले. टॉर्क झाल्यावर खाच आणि बोल्टचं भोक जुळलं नाही तर नट सैल करून जुळवायचं नाही. नट बदलायचा किंवा खालची बाजू किंचित घासायची. मग नवी स्प्लिट पिन, जुनी कधीच नाही. विमानात हा नियम कुणी वेगळा शिकवावा लागत नाही.

हेड बसवलं, नट ५५ फूट-पौंडांनी आवळले, मधल्यापासून बाहेर. बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं टायमिंग जुळवलं. प्रत्येक सिलिंडरला एकच प्लग, मॅग्नेटोही एकच. सर्टिफाइड विमानी इंजिनांना दोन असतात. इथे एक गेला तर खाली शेत शोधायचं, हे पीटनपोल उडवणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शेपटी दोरखंडाने जाड खांबाला बांधली होती, चाकांपुढे ठोकळे होते. स्टार्टर नाही. प्रोपेलर हाताने फिरवायचा, मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना त्याला झटका देणारी स्प्रिंग) टक् आवाज आला की हात मागे घेऊन बाजूला व्हायचं. समोर उभा माणूस सोडून कुणी प्रोपेलरच्या रेषेत नको. चौथ्या ओढीला पकडलं. नवं बॅबिट संथ फिरवू नये, पळ्यांना ऑइल उडवायला वेग लागतो, म्हणून लगेच मध्यम वेगावर आणलं. पाणी तापलं, पुढच्या नळीच्या जोडातून एक थेंब आला, बंद करून आवळला. हेडचे नट गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क केले, आणि तो क्रम दोनदा. पहिल्या ऑइलमध्ये थोडी चमक येतेच. दुसऱ्यात बारीक नजरेने शोधावी लागली.

कागदपत्रांत एक गंमत. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची देखभाल कुणीही करू शकतो, मालक, मी, कुणीही. पण वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीवर सही साधारणपणे एकतर ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन) परवान्याच्या मेकॅनिकने करायची, नाहीतर मूळ बांधणाऱ्याने, त्याच्याकडे त्या विमानाचा रिपेअरमन दाखला असेल तर. मित्राने विमान विकत घेतलेलं, म्हणून तो दाखला त्याला मिळत नाही. परवानाधारक मेकॅनिकने सगळं बघितलं, लॉगबुकात बेअरिंग कधी ओतली, क्लिअरन्स काय, क्रँक कसा तपासला, हे माझ्याकडून लिहून घेतलं आणि मगच खाली सही केली. पुढचं बेअरिंग, बाहेरची नळी, पंप, एवढं तीनदा विचारलं.

पहिलं उड्डाण मित्राने एकट्याने केलं, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत, इंजिन बंद पडलं तरी उतरता येईल इतक्याच अंतरावर. तो उतरल्यावर पहिली तक्रार कार्ब्युरेटरची: थ्रॉटल पटकन उघडला की क्षणभर अडखळतो. जेट एक नंबर मोठा केला.

दहा तास उडाल्यावर पॅन खाली घेतला. पहिला, दुसरा आणि चौथा रॉड जसे ठेवले होते तसेच. तिसऱ्यात अर्धा थाऊ वाढलेला, नवं बॅबिट बसताना एवढं होतं. शिमचा एक थर काढला, नवी स्प्लिट पिन घातली, पुढच्या बेअरिंगच्या आतल्या बाजूला फीलर गेज लावला: पाच थाऊ, बसवतानाइतकीच सरक. पॅनचं गॅस्केट मात्र कडेला पुन्हा ओलं दिसतंय. ते १९२८ पासून ओलंच आहे म्हणतात.